बाई, तुमचा पगार किती?

चौथीतल्या एका मुलीनं मला भर वर्गात पगार विचारला. चौतीस वर्षांच्या नोकरीत मुलांनी मला पुष्कळ काही विचारलंय. बाई, तुम्ही म्हाताऱ्या कधी झालात, हेसुद्धा. पण हा प्रश्न नवा होता, आणि तो तिच्या तोंडी आला त्याला कारण मीच. दोन वर्षं मी या पोरांच्या मागे लागले होते की आजूबाजूला बघा, कुणाला काय कमी आहे ते बघा. पोरं बघायला लागली. बघता बघता त्यांची नजर माझ्यावर येऊन थांबेल, हे मात्र माझ्या टाचणवहीत कुठे नव्हतं.

आधी शाळेचं सांगते. नगर जिल्ह्यातलं (आता अहिल्यानगर म्हणायचं, पण माझी जीभ अजून वळत नाही) एक तालुक्याचं गाव, त्यातली मिशनची मराठी शाळा. पहिली ते चौथी, पट ५८, शिक्षिका दोन. मी मुख्याध्यापिका, म्हणजे तिसरी-चौथीला एकत्र शिकवून उरलेल्या वेळात रजिस्टरं लिहिणारी आणि ऑनलाइन माहिती भरणारी. येत्या मे महिन्यात निवृत्त होतेय. माझ्या दोन वर्गांत मिळून ३१ मुलं. त्यांत ख्रिस्ती ९. बाकी सगळ्या समाजांची, पण घरं थोड्याफार फरकानं सारखीच. कुणाचे वडील मार्केटयार्डात हमाल, कुणाचे गवंड्याच्या हाताखाली, कुणाची आई चार घरची धुणीभांडी करणारी. ज्यांना परवडतं त्यांची मुलं पिवळ्या बसमधून इंग्रजी शाळेत जातात. आमच्याकडे चालत येणारी येतात.

मिशनशाळांचा इतिहास आमच्याकडे भाषणात नेहमी निघतो. अमेरिकन मराठी मिशन १८३१ साली नगरला आलं. सिंथिया फरार बाई १८३९ पासून नगरला मुलींना शिकवत होत्या, आणि सावित्रीबाई फुल्यांनी शिक्षिकेचं प्रशिक्षण त्यांच्याकडे घेतलं. हे सांगताना माझीही मान ताठ होते, खोटं कशाला बोलू? पण त्या भाषणात एक गोष्ट कधी येत नाही. शिकवण्याबरोबर मिशननं कायम काही ना काही दिलं. पाटी दिली, कपडे दिले, औषध दिलं, दुष्काळात धान्य दिलं. आणि दिलं ते नेहमी एकाच दिशेनं. मिशनशाळेतलं पोर म्हणजे हात पुढे करणारं पोर, असं ठरूनच गेलं.

मी तसंच एक पोर होते. १९७२ च्या दुष्काळात मी चार वर्षांची. सुकडीची चव मला अजून आठवते. परदेशातून आलेल्या तांबड्या मिलोच्या भाकरीची तर फारच. मिशनच्या कंपाउंडात दुधाची पावडर वाटायचे. त्या रांगेत उभं राहायच्या आधी आई माझ्या केसांना तेल लावून इतकी घट्ट वेणी घालायची की डोळे ताणले जायचे. मी विचारलं, रांगेत कशाला एवढं? ती म्हणाली, “घ्यायला चाललो म्हणून काय झालं!” पुढे हायस्कुलात कुणीतरी मला “तुम्ही पावडरीसाठी बाटलेले” म्हणालं. ते वाक्य मी पन्नाशी ओलांडली तरी पुसलं गेलेलं नाही.

आता रांगा बदलल्या. पावडर गेली, दप्तरं आली. तीन वर्षांपूर्वी एकाच पावसाळ्यात आमच्याकडे तीन वेळा दप्तरवाटप झालं. तिन्ही वेळा बॅनर, तिन्ही वेळा हार, तिन्ही वेळा फोटोवाला पोरांना सांगतोय, “बाळा, दप्तर जरा वर धर, लोगो दिसू दे.” देणाऱ्यांचं मन चांगलंच होतं, त्यांना नावं ठेवायची नाहीत मला. पण तिसऱ्या वेळेला एक तिसरीतला मुलगा तीन दप्तरं अडकवून माझ्यापुढे उभा राहिला आणि म्हणाला, “बाई, वही पाहिजे होती.”

मला त्या रात्री झोप लागली नाही. वहीचं काय, वही मी दिली. पण ही मुलं चौथी संपवून जातील तेव्हा घ्यायला चांगली तरबेज झालेली असतील. द्यायचं काय? ते कोण शिकवणार?

द्यायचं आमच्या शाळेला अगदीच माहीत नव्हतं असं नाही. दर डिसेंबरात ध्वजदिनाचे छोटे झेंडे येतात, त्याचे पैसे जमतात, पण मुलांना वाटतं आपण झेंडा विकत घेतला. आणि ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी नोकरीला लागून दोनच वर्षं झाली होती. चर्चमधून कपड्यांची बोचकी लातूरकडे जाणार होती. मी वर्गात सांगितलं तर दुसऱ्या दिवशी एकानं स्वतःचा बिनबाह्यांचा स्वेटर आणला. लोकरीचा, कोपऱ्यात रफू केलेला. त्याच्याकडे दुसरा नाही हे मला माहीत होतं. मी तो घडी करून त्याच्या हातात परत दिला, “तुला थंडीत लागेल रे.” तो रडायला लागला. मला वाटलं, मी केवढी प्रेमळ बाई! त्याच्या रडण्याचा अर्थ मला कळायला तीस वर्षं गेली.

तर, पहिला प्रयोग. लेंटचे दिवस होते, म्हणजे ईस्टरच्या आधीचे चाळीस. जुन्या कॅलेंडरच्या कागदांची ३१ पाकिटं मी स्वतः चिकटवली. रोज एखादी आवडती गोष्ट सोडायची, कुरकुरे म्हणा, गोळ्या म्हणा, आणि तो रुपया पाकिटात टाकायचा. ज्यांच्या धर्मात लेंट नाही त्यांनी आपापल्या सणाचं नाव घ्यावं, रमजान त्याच सुमारास होताच. एका मुलाची आजी विचारायला आली, “पैसे चर्चला जात्यात का?” मी म्हटलं, नाही, आणि हिशेबाची वही पुढे ठेवली. तिला वाचता येत नव्हतं. तिनं नातवाला वाचायला लावलं, प्रत्येक ओळ. मला राग आला नाही. मिशनशाळेला हा प्रश्न विचारला जाणारच, आणि वहीशिवाय त्याला दुसरं उत्तर नाही.

चाळीस दिवसांनी १,१४६ रुपये जमले. मी हरखले, आणि परिपाठात, राष्ट्रगीत-प्रतिज्ञा-सुविचार झाल्यावर, पाकिटांचे आकडे नावानिशी वाचले. सगळ्यांत जास्त १४०, किराणा दुकानदाराच्या मुलाचे. टाळ्या. मग १०५, मग ८०, असं करत करत खाली. शेवटचं नाव एका मुलीचं, ३ रुपये. तिलाही टाळ्या द्या म्हणाले मी. मुलांनी दिल्या, जशा शेवटच्याला देतात तशा.

दुसऱ्या दिवशी शाळा भरायच्या आधी तिचे वडील आले. हमाल माणूस, खांद्यावर पोत्याचा भुसा तसाच. टेबलावर शंभराच्या दोन नोटा ठेवल्या आणि म्हणाले, “बाई, तिला तीनमध्ये लिहू नका.”

त्याच आठवड्यात संडे स्कूलमध्ये मी मुलांना बायबलमधल्या मार्कच्या बाराव्या अध्यायातली विधवा शिकवली होती. श्रीमंत लोक खजिन्यात भरपूर टाकतायत, आणि ही येऊन दोन टोल्या टाकते, म्हणजे एक दमडी, आणि येशू म्हणतो, हिनं सगळ्यांपेक्षा जास्त टाकलं. तीस वर्षं मी ही गोष्ट सांगतेय, फ्लॅनेलच्या बोर्डावर चित्रं लावून. आणि प्रत्यक्षात दोन टोल्या टाकणारी माझ्या वर्गात बसली होती, तर मी तिचं नाव शेवटी वाचलं.

ते दोनशे रुपये परत करायला माझा हात उचलला होता. मग तो स्वेटर आठवला. मी पैसे घेतले, वहीत लिहिले, पावती फाडून दिली. त्यांनी पावतीची चार घड्यांची पुडी करून वरच्या खिशात ठेवली आणि बटण लावलं. तेव्हापासून आमच्या वहीत फक्त एकूण रक्कम असते. नाव नाही.

दुसरा प्रयोग मुठीचा. पूर्वी एका शिक्षक शिबिरात मिझोरामच्या एक बाई भेटल्या होत्या. त्यांच्याकडे घरोघरी स्वयंपाकाला तांदूळ घेताना त्यातली एक मूठ बाजूला काढून ठेवतात, चर्चसाठी. त्याला ‘बुहफाय थाम’ म्हणतात, आणि १९१० च्या सुमारापासून ते चाललंय. पैशाला नाव चिकटतं, मुठीला चिकटत नाही, हे मला आवडलं. शिवाय आपल्याकडेही दारी आलेल्याला पसा-मूठ घालायची रीत आहेच, मुलांना नव्यानं समजवावं लागलं नाही. जूनपासून दर शुक्रवारी एक मूठ. वर्गाच्या कोपऱ्यात पंधरा किलोचा तेलाचा रिकामा डबा, घासून, उन्हात वाळवून.

डबा भरला तेव्हा एक गंमत कळली. सगळा तांदूळ एकाच चेहऱ्याचा, रेशनचा! कुणाच्या मुठीत बासमती नव्हता, कुणाच्या मुठीत कण्या नव्हत्या. किराणावाल्याच्या घरीसुद्धा रेशनचाच खातात, हे त्या दिवशी वर्गाला समजलं. तो जरा लाजला, बाकीच्यांना बरं वाटलं. आणि ऑगस्टपर्यंत तांदळात टोके झाले. पुढचा आठवडाभर मधल्या सुट्टीत माझी ३१ मुलं ताटं घेऊन व्हरांड्यात तांदूळ निवडत होती. परिसर अभ्यासाचा तो भाग त्यांना मी वेगळा शिकवला नाही.

मग प्रश्न आला, द्यायचा कुणाला? मी फळ्यावर लिहिलं: गरीब कोण?

माझ्याकडे या ३१ घरांचे उत्पन्नाचे दाखले आहेत, शिष्यवृत्तीच्या फायलीत. मला वाटलं मुलं अवघडतील. एकही अवघडलं नाही, कारण एकालाही आपण गरीब आहोत असं वाटत नव्हतं. हात वर होत गेले. एसटी स्टँडवरचा पाय नसलेला बाबा. ऊस तोडायला जाणाऱ्या मुलांच्या घरी एकट्या राहणाऱ्या आज्या. गल्लीतला खरूज झालेला कुत्रा. (तो आम्ही यादीत ठेवला, मतदानात त्याला चार मतं पडली.) आणि मागच्या बाकावरची एक म्हणाली, “बाई, तुम्ही. तुम्हाला घरी कोणीच नाही ना?” माझे यजमान जाऊन सहा वर्षं झाली, मुलगा पुण्यात. मी खडू शोधायला खाली वाकले आणि जरा वेळ वाकलेलीच राहिले.

शेवटी आज्यांना बहुमत मिळालं. गावाबाहेर एक वृद्धाश्रम आहे, तिथे आम्ही तांदूळ घेऊन गेलो, शाळेपासून दोन किलोमीटर, चालत. व्यवस्थापकांनी डबा घेतला, धन्यवाद म्हणाले आणि भिंतीपाशी ठेवला. तिथे आधीच तांदळाची अकरा पोती रचलेली होती. पोरांनी मोजली. कुणी काही बोललं नाही, पण त्यांचे चेहरे मला दिसत होते. दोन महिन्यांच्या मुठी आणि भिंतीला अकरा पोती.

मग एका आजीनं जवळच्या मुलीला खुणेनं बोलावलं. उशाखालची डबी काढली, त्यात एक सुई आणि पांढऱ्या दोऱ्याचं रीळ. “एवढा दोरा ओव गं.” मुलीनं एका झटक्यात ओवला. तिला सोपं होतं ते, नऊ वर्षांचे डोळे. आजी सुईकडे अशी बघत राहिली की बाकीच्या सगळ्या आपापल्या डब्या घेऊन आल्या. त्या दिवशी माझ्या वर्गानं दीड तास सुयांमध्ये दोरे ओवले. एका आजोबांच्या पायजम्याची नाडी ओवली. एकाला मोबाईलची अक्षरं मोठी करून हवी होती, ते आमच्या तिसरीतल्या उस्तादानं मिनिटात केलं. परत येताना वाटेत मुलं बडबडत होती, तांदळाचं कुणाच्याच तोंडात नव्हतं. आता महिन्यातून एकदा जातो. जाताना चाळीस सुया घेऊन जातो, वीस पांढऱ्या दोऱ्याच्या, वीस काळ्या, लांब लांब दोरे ओवून जाड पुठ्ठ्याला टोचलेल्या. आणि मुठीचा डबा? तो बंद केला नाही, पण आता आधी विचारून येतो, काय पाहिजे. मागच्या वेळी उत्तर आलं, तपकीर. मी दिली नाही.

स्काउटवाल्यांची ‘खरी कमाई’, म्हणजे मुलांनी काम करून पैसे मिळवायचे, आम्हीही एक वर्ष करून बघितली, कब-बुलबुलच्या (स्काउटमधल्या लहानांच्या गटाच्या) मुलांनी दोन दुकानं झाडून दिली, एका दुकानदारानं फरशीही पुसून घेतली. पालकांना ते पटलं नाही. “पोरांना झाडायला शाळेत घातलं का?” म्हणाले. ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या झाडूच आला, त्यांचं म्हणणं चूक नव्हतं. थांबवलं.

आता पगाराकडे येते.

यंदा सप्टेंबरात मी वर्गात शोमरोन्याची गोष्ट सांगितली. लूकचा दहावा अध्याय. यरुशलेमहून यरीहोला जाणाऱ्या माणसाला लुटारू अर्धमेला करून टाकतात, याजक बघून पलीकडून जातो, लेवी, म्हणजे मंदिरातला सेवक, तोही तसाच जातो, आणि ज्याला सगळे परका समजतात तो शोमरोनी थांबतो, जखमा बांधतो, उतारशाळेत नेतो. आमच्या मुलांना परका म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. गोष्ट संपल्यावर मी नेहमीप्रमाणे विचारलं, तुम्ही कोण झाला असता? सगळे शोमरोनी. फक्त त्या तीन रुपयांवाल्या मुलीनं (ती आता चौथीत) हात वर केला. “बाई, पण त्या रस्त्यावर उद्या दुसऱ्याला मारतील ना? चोर तर तिथंच हायेत.”

मला माहीत होतं की हे आधी एका मोठ्या माणसानं म्हटलंय. मार्टिन ल्यूथर किंग यांनी १९६७ सालच्या भाषणात तेच सांगितलं होतं, की वाटेवर पडलेल्याला उचलणं ही फक्त सुरुवात, यरीहोचा तो रस्ताच बदलायला हवा. पण किंग यांनी तिला येऊन सांगितलं नव्हतं. मी म्हटलं, बरोबर, आपल्याकडे असा रस्ता कुठे आहे? आठवडाभर बघा.

आठवड्यानं मुलं स्वयंपाकघर घेऊन आली. शाळेचा पोषण आहार शिजवणाऱ्या मावशी, गेली चौदा वर्षं आमच्याकडे आहेत. मुलांनी हिशेब मांडला होता. माणशी १०० ग्रॅम, म्हणजे पूर्ण पट हजर असला तर रोज ५ किलो ८०० ग्रॅम तांदूळ. वर डाळ, भाजी, पाणी. मावशी गुडघे धरून उठतात. खाली बसून चिरतात, खाली बसून निवडतात, खाली बसून पातेली घासतात. आणि मुलांनी त्यांना विचारलं होतं, मावशी तुम्हाला किती मिळतात? २,५०० रुपये, महिन्याला. तेही वर्षातले दहा महिने.

“बाई, तुमचा पगार किती?”

वर्ग गप्प झाला. मला सुटायला वाटा होत्या. असं विचारायचं नसतं, म्हणता आलं असतं. मी पदवीधर, डी.एड., चौतीस वर्षांची सेवा, वेतन आयोग, असं बरंच काही. मी खरा आकडा सांगितला. नव्वद हजारांच्या आसपास. एकानं लगेच पाटीवर भागाकार केला आणि मोठ्यानं वाचलं, “छत्तीस मावश्या.”

कुणी हसलं नाही. ती मुलगी म्हणाली, “मग तुम्हीच द्या ना त्यांना.” मी म्हटलं, मी दिले तर आपल्या मावशीचं भागेल, पण बाकीच्या शाळांतल्या मावश्यांचं काय, रस्ता तसाच राहिला की! हे म्हणताना मला स्वतःचाच थोडा संशय आला. उत्तर बरोबर होतं, पण माझ्या सोयीचंही होतं.

मुलांनी पत्र लिहायचं ठरवलं, गटशिक्षणाधिकाऱ्यांना. चौथीला औपचारिक पत्र अभ्यासक्रमात आहे की नाही याचा विचार न करता मी मायना शिकवला. पत्र झकास झालं. मावशीचं नाव, त्यांचे गुडघे, पातेल्याची मापं, सगळं. पाठवायच्या आधी मुलं ते मावशींना वाचून दाखवायला गेली, मोठ्या उत्साहानं. मावशींनी ऐकलं. कांदा चिरता चिरता हात थांबला. “बाळांनो, माझं नाव नका घालू. कुणाला राग आला तर काम जाईल माझं. हाय ते बी जाईल.”

मुलं माझ्याकडे बघायला लागली. मीही हादरले होते. तीन दप्तरं वाटणाऱ्यांनी मुलांना काय पाहिजे ते विचारलं नाही म्हणून मी रात्र जागवली होती, आणि इथे आम्ही एका बाईचं पोट पत्रात मांडून निघालो होतो, तिला न विचारता. पत्र फाडलं. नवं लिहिलं, त्यात कुणाचंच नाव नाही, गुडघे नाहीत. ‘तालुक्यातील सर्व शाळांमधील स्वयंपाकी मावशी व काका’ असं. खाली ३१ सह्या, त्यांतल्या काही अजून नाव गिरवतानाच्या. ते मावशींना पुन्हा वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, “हे चालंल.” पोस्टात टाकलं. उत्तर अजून आलेलं नाही. मुलं दर सोमवारी विचारतात, आणि दुसरं पत्र कधी लिहायचं याची तारीख त्यांनी वहीत लिहून ठेवली आहे.

मग दिवाळीनंतर चर्चमध्ये कापणीचा सण झाला. ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. उपासनेला येताना प्रत्येक कुटुंब शेतातलं, परसातलं काहीतरी आणतं. ज्वारीची कणसं, ऊस, भोपळे, कोंबडी, अंडी, ज्यांची शेती नाही ते घरचा केक नाहीतर लोणचं. वेदीपुढे ढीग लागतो. उपासना संपली की बाहेर मांडवात त्याचा लिलाव. एक लिंबू दोनशेला जातं, घेणारा ते परत अर्पण करतो, पुन्हा बोली लागते, आणि तेच लिंबू तीनदा विकलं जातं. आमच्या शाळेच्या परसबागेतल्या मेथीच्या तीन जुड्या या वेळी पहिल्यांदा लिलावात गेल्या. पाळकसाहेबांनी आधीच जाहीर केलं की याचे पैसे शाळेच्या मुलांच्या वहीत जातील. ज्या मुलांच्या घरून परवानगी होती ती सगळी मांडवात पुढे बसली होती, मुसलमान, बौद्ध, सगळी. पहिल्या जुडीला दोन साडू भिडले. “पाचशे एक वार, पाचशे दोन वार” आणि मागून “सहाशे!” पोरं प्रत्येक बोलीला उड्या मारत होती. सातशेला सुटली. तिन्ही मिळून १,६५० रुपये. ज्यांनी सातशेची मेथी घेतली त्यांच्या मंडळींचा चेहरा मी पाहिला, त्यावर वेगळं लिहिता येईल.

या वेळी मुलांना काही सांगावं लागलं नाही. ती सरळ मावशींकडे गेली आणि विचारलं, “मावशी, तुम्हाला काय पाहिजे?” मावशी आधी काही नको म्हणाल्या. मग म्हणाल्या, बसायला उंच काहीतरी असतं तर चिरायला बरं पडलं असतं. आम्ही बाजारातून एक लाकडी स्टूल आणलं, ४५० रुपयांचं, आणि त्याच्या उंचीचं एक जुनं टेबल मी गोदामातून काढून दिलं. उरलेले १,२०० वहीत आहेत, त्यावर सध्या दोन गट पडलेत. एक गट पुन्हा त्या कुत्र्याचं नाव घेतोय.

मी स्वतः काय केलं, असं कुणी विचारेल. त्या मुलीनं तर विचारलंच, दोन वेळा. उजवा हात काय करतो ते डाव्या हाताला कळू नये, असं मत्तयाच्या सहाव्या अध्यायात आहे. तिला मी तेवढंच सांगितलं. तिनं माझ्या दोन्ही हातांकडे नीट बघून घेतलं.

स्टुलाचं मात्र भलतंच झालं. मावशींना त्यावर बसायची सवय नाही. एक दिवस त्यावर तेलाचा डबा, दुसऱ्या दिवशी मिठाची बरणी, तिसऱ्या दिवशी पहिलीच्या बाईंनी ते घड्याळ लावायला नेलं. मुलांनी मग पाळ्या लावल्या. रोज साडेदहाला दोघं जण स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन उभे राहतात. आत धूर, फोडणीचा ठसका. बाहेरून दोन आवाज येतात, “मावशी, बसा.”

“बसते रे बाबांनो. खिचडी करपंल, आधी ती हलवू द्या.”

ते हलत नाहीत. वर्गात येत नाहीत. मी हजेरी घेते तेव्हा त्यांच्या नावापुढे हजर लिहिते.